ताडपत्रीखालची पांढरी गाडी

शिरूरला आप्पांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा त्यांनी मला खोलीची किल्ली दिली ती प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून, पिशवीच्या तोंडाला रबर लावून. मी रबर काढून किल्ली बाहेर घेतली, तर त्यांचा चेहराच उतरला. "मॅडम, पिशवी असू द्या. हाताचा घाम लागतो किल्लीला," ते म्हणाले. मी हसले. मला वाटलं, घरमालक गंमत करतायत. आप्पा गंमत करत नसत, हे मला पुढं हळूहळू कळलं.

त्यांच्या घरात एकही वस्तू उघडी नव्हती. सोफ्यावर कंपनीनं घातलेलं प्लास्टिक तसंच होतं. त्यावर काकूंनी विणलेली कव्हरं, आणि ती कव्हरं मळू नयेत म्हणून त्यांवर जुन्या चादरी. पाहुणा बसला की खालून कुरकुर ऐकू यायची, आणि नवा पाहुणा असेल तर तो बिचारा ओशाळून पुन्हा उभा राहायचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मिक्सर त्याच्या खोक्यात. फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरवरची अक्षरं उडून गेली होती, पण स्टिकर शाबूत होता. आप्पांच्या मनगटी घड्याळावर दुकानातून आली तीच फिल्म होती. तिच्या कडा काळ्या पडलेल्या, मध्ये बुडबुडे. वेळ विचारली की ते घड्याळ उजेडात तिरकं धरून अंदाजानं सांगत. एकदा मी म्हटलं, "आप्पा, फिल्म काढून टाका की." तर म्हणाले, "मंग काच उघडी पडंल की वो."

दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात स्टोअरकीपर म्हणून काढली होती. मी रांजणगावच्या एका कंपनीत परचेसला होते. आमच्या धंद्यात परचेस आणि स्टोअर म्हणजे सासू-सून. एकीनं आणायचं आणि दुसरीनं ते कडीकुलपात घालायचं. त्यामुळं आमचं जमायला नको होतं, पण जमलं. त्यांच्याबद्दल कारखान्यात म्हणे असं बोलायचे, की आप्पांच्या स्टोअरमधून बेअरिंग बाहेर काढण्यापेक्षा दगडातून पाणी काढणं सोपं. मागायला आलेल्या माणसाला ते आधी विचारायचे, "जुनं पार गेलं का? दाखव." जुनं पाहून झालं की ते पुसायचे, तेल लावायचे आणि त्यालाच परत द्यायचे. "जपलं त जगलं" हे त्यांचं वाक्य. ते दिवसातून इतक्या वेळा यायचं की काकू पोळ्या लाटता लाटता ओठ हलवून ते त्यांच्याबरोबरच म्हणायच्या.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर मांडवगण फराटा. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. एवढ्या पिशव्यांत राहूनही ही बाई कोमेजली कशी नाही, याचं मला कायम नवल वाटायचं.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आप्पांनी गाडी घेतली. पांढरी. पांढऱ्यावर ऊन कमी लागतं म्हणून पांढरी. गुढीपाडव्याला गाडी दारात आली आणि काकू नवी नऊवारी नेसून ताट घेऊन बाहेर आल्या. आता बोनेटवर स्वस्तिक निघणार, एवढ्यात आप्पा घरातून स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक घेऊन आले आणि त्यांनी ते बोनेटवर अंथरलं.

"हं, ह्याच्यावर काढ."

"ह्याच्यावर?" काकूंचं बोट कुंकवात तसंच राहिलं. "आवो, पूजा गाडीची हाय का पिशवीची?"

"हळदीचा डाग जात न्हाई. देवाला काय, आरपार दिसतंय."

काकूंनी प्लास्टिकवर स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली, तर लिंबांखाली आप्पांनी वर्तमानपत्राचे तुकडे सरकवले, रस उडू नये म्हणून. नारळ तर ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन फोडून आले. करवंटीचा तुकडा उडून रंगाला लागला तर काय घ्या! मग स्वस्तिकाचं प्लास्टिक घडी घालून कपाटात गेलं. गाडीच्या अंगाला हळद काही लागली नाही. पण त्या दिवशी पुरणपोळीला काकूंचा नेहमीसारखा हात लागला नव्हता, हे मला खाताना जाणवलं.

त्या दिवसापासून आप्पांनी एकच विषय धरला. गाडीच्या रंगाला वरून काय लावायचं?

"मॅडम, तुमी परचेसमधी हाय, तुमाला कळंल," असं म्हणून ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसत आणि मला ऑफिसला जायला उशीर होई. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडची हवा रंगाची वैरीणच. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की साळुंकीनं घाण केली तर ती तासाभरात रंगात उतरते. बोअरच्या पाण्यानं गाडी धुवावी तर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, आणि ते पुसायला जावं तर चरे पडतात. दौंडकडं गेलं की गुऱ्हाळांची काजळी आणि सीझनमध्ये कारखान्याची राख. उसाच्या ट्रॉलीमागं गाडी सापडली की बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे फटके. आप्पा हे सगळं सांगायचे तेव्हा असं वाटायचं, की शिरूर ते दौंड रस्त्यावर सगळी सृष्टी केवळ त्यांच्या पांढऱ्या गाडीची वाट बघत दबा धरून बसलीय.

या साऱ्यावर उपाय काय, ते शोधायला ते दौंडला गाड्यांच्या रंगावर लेप चढवणाऱ्या एका डीटेलिंगवाल्याकडं गेले. कुरकुंभच्या बाजूला त्याचं काचेचं दुकान होतं. त्या दिवशी मला तिकडं काम होतं म्हणून मीही त्यांच्याबरोबर एसटीनं गेले. हो, एसटीनंच. गाडीला काय लावायचं हे विचारायला गाडी घेऊन जाणं त्यांना धोक्याचं वाटलं. दुकानदार कानपूरकडचा, अंगानं गोल आणि बोलायला गोड.

"अंकल, सीधी बात. टेफ्लॉन चार महिने में उड जाएगा. धूप और पानी के दाग से बचना है तो सिरॅमिक. पत्थर और खरोंच से बचना है तो फिल्म लगाओ, पीपीएफ."

"आन् दोन्हीपासून वाचायचं असंल तर?"

"तो दोनों लगाओ."

"फिल्म पिवळी पडती म्हंतात."

"अच्छी वाली नहीं पडती."

"चांगली कोंची, ते कळायचं कवा? पिवळी पडल्यावर?" आप्पांनी चष्मा वर केला. "टेस्ट सर्टिफिकेट हाय का?"

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. शेवटी त्यानं फिल्मचा तळहाताएवढा तुकडा सॅम्पल म्हणून दिला, सिरॅमिकच्या बाटलीच्या तळाशी उरलेले थेंब दिले आणि आम्हाला चहा पाजून रस्त्याला लावलं. परतीच्या एसटीत आप्पांनी तो तुकडा मांडीवर धरला होता. त्यांना उपाय सुचला होता.

सॅम्पल आलं की स्टोअरकीपर ते तपासणारच. आप्पांनी काकूंच्या स्वयंपाकघरातली पातेल्यांची झाकणं उचलली, गावातल्या गॅरेजवाल्याकडून ती पांढऱ्या रंगानं रंगवून आणली आणि एकेकावर एकेक लेप दिला. एकावर मेण, एकावर टेफ्लॉन, एकावर सिरॅमिक, एकावर फिल्म, एकावर खोबरेल तेल, कारण ते घरात होतं, आणि एक उघडंच. मग गच्चीवर तार बांधून ती सगळी झाकणं ओळीनं टांगली. सबंध उन्हाळाभर ती तिथं होती. काकूंच्या कुरडया-पापडांना गच्चीवर जागा उरली नाही. वारा सुटला की झाकणं एकमेकांवर आपटत आणि वरच्या मजल्यावर मला वाटे, घरात कुणाचं तरी लग्न लागतंय. शेजारच्या बायकांनी काकूंना विचारलं, कुणाची नजर लागली म्हणून हे टांगलंय. काकूंनी सांगितलं, "नजर न्हाई बाई, ऊन लागू नये म्हणून."

परीक्षेचा निकाल मात्र लागला नाही. झाकणं आपटून आपटून सगळ्यांनाच पोचे पडले. त्यातलं सिरॅमिकवालं एक दिवस तारेवरून नाहीसं झालं. आप्पांनी चोरीचा संशय घेतला, गच्चीला कुलूप घातलं. रात्री जेवायला बसले तर ते झाकण डाळीच्या पातेल्यावर होतं. "डाळ उघडी ठिवू का?" काकू म्हणाल्या. "जपलं त जगलं." आप्पांनी डाळ वाढून घेतली आणि झाकणाची खालची बाजू निरखली.

निर्णय होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, असं ठरलं. आधी तिच्यावर हिरव्या शेडनेटचा मांडव पडला. लोक भोपळी मिरचीला घालतात तोच. आठवड्यातून एकदा तिला अंघोळ असे, आणि तीही विकतच्या जारच्या पाण्यानं, क्षार नको म्हणून. घरात मात्र बोअरचंच पाणी होतं. आलेल्या-गेलेल्याला पाण्याचा तांब्या देताना काकू सांगायच्या, "घ्या, आमी बोअरचं पितो. जारचं पानी गाडी पिती."

आता इथं काकूंचं दुःख सांगायला हवं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, निवडायला घेतलेल्या मेथीच्या ताटासमोर बसून.

मांडवगणची जत्रा चैत्रात. त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. काकू लग्नानंतर दरवर्षी एसटीनं जात, नाहीतर वडापच्या जीपमध्ये कोंबून घेत. गाडी पाडव्याला आली, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, साऱ्या भावकीत सांगून टाकलं, की यंदा आमची आक्का स्वतःच्या गाडीतून वेशीत उतरणार. काकूंनी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, कोटिंग झालं का जाऊ. जत्रेला काकू एसटीनंच गेल्या. दादा वेशीत उभे होते. त्यांनी मागं-पुढं पाहिलं आणि विचारलं, गाडी कुठंय?

"म्या सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकली हाय," काकू म्हणाल्या. "नवी गाडी, पंधरा दिवसाची, आन् सर्व्हिसिंगला! सगळी हासली गं. दादा न्हाई हासला. त्येनं माझी पिशवी घेतली हातातनं आन् पुढं चालाय लागला." त्यांनी मेथीची एक जुडी उगाच उलटीपालटी केली. "आता गाडीनं जाईन. न्हाईतर जत्रेला जायचीच न्हाई. माहेर सुटलं तर सुटलं."

मी त्यांना म्हटलं, आप्पांना स्पष्ट सांगा. त्या म्हणाल्या, सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि सिरॅमिक का फिल्म, हे ठरलं की लगेच जाऊ, असं वचन दिलं. म्हणजे कधीच नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं.

दुसऱ्या आठवड्यापासून काकूंच्या बचत गटाच्या मीटिंगा फार वाढल्या. दुपारी जेवणं उरकली की त्या पदर खोचून बाहेर पडत. एके दिवशी मी सुट्टीवर होते. बाजारात गेले, तर ड्रायव्हिंग स्कूलची ती खरचटलेली, टपावर लाल पाटी लावलेली गाडी माझ्याजवळ येऊन आचका देऊन थांबली. स्टिअरिंगवर काकू. शेजारी बसलेला मास्तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

"आप्पांना सांगू नको हां पोरी," काकू काचेतून म्हणाल्या. "न्हाईतर मला बी प्लास्टिकमधी घालतील."

मी कशाला सांगते? त्या वर्षभरात मला इतकी मजा कशानंच आली नव्हती. त्यांना लायसन मिळालं तेव्हा आम्ही दोघींनी बसस्टँडसमोर उभं राहून आइस्क्रीम घातलेली मस्तानी प्यायली. लायसन मात्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. संगतीचा गुण लागतोच.

इकडं दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, हवेत राख आली, आणि आप्पांनी गाडीवर कांद्याच्या वखारीवरची निळी ताडपत्री चढवली. दोरखंडानं करकचून बांधली. म्हणाले, सीझन संपेपर्यंत उघडायची नाही. फक्त दर रविवारी ते एका बाजूची कड उचलून वाकून आत शिरत आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करत. मागची बाजू धुरासाठी मोकळी सोडलेली असे. ताडपत्रीच्या पोटातून घरघर ऐकू यायची आणि थोड्या वेळानं आप्पा घामेघूम होऊन बाहेर यायचे, समाधानानं. "ठणठणीत हाय," असं सांगायचे. गाडीत बसल्याचं एवढंच सुख त्या माणसानं वर्षभर घेतलं.

पुन्हा चैत्र आला. जत्रेच्या आदल्या दिवशी काकूंनी पिशवी भरली नाही, साडी काढली नाही. संध्याकाळी त्या उंबऱ्यात बसून राहिल्या. आप्पांनी दोनदा विचारलं, "उद्या एसटी कितीला हाय तुझी?" त्यांनी सांगितलं, "मी जानार न्हाई." आप्पा अंगणात गेले. बराच वेळ ताडपत्रीभोवती फिरत राहिले. मी वरून पाहत होते. त्यांचं घोडं अडलं होतं, आणि ते पुढं जावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला नवस बोलत होते.

सकाळी ते वर आले. "मॅडम, जरा खाली या. दोरी सोडू लागा. जायचंय मांडवगणला."

आम्ही दोघांनी गाठी सोडल्या. काकू दारात आल्या. आप्पांनी ताडपत्रीची एक कड धरली आणि आदरानं मागं ओढली.

गाडी पांढरी उरली नव्हती. आत धूळ शिरली होती आणि महिनोन् महिने वाऱ्यानं फडफडणाऱ्या ताडपत्रीनं ती धूळ रंगावर घासली होती. सगळीकडं बारीक चऱ्यांची जाळी. दोरखंड जिथं आवळले होते तिथं पट्टे. मध्ये अवकाळी पाऊस झाला होता, त्याचं पाणी आत कोंडून टपावर आणि बोनेटवर मळकट चट्टे उठले होते. माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं उन्हात उभी असलेली माझी स्कूटी हिच्यापेक्षा बरी दिसत होती.

खरं सांगते, मला हसू यायला हवं होतं. वर्षभर मी याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखी त्यांची टिंगल केली होती. पण आप्पा ज्या तऱ्हेनं गाडीशेजारच्या दगडावर बसले, ते पाहून मी खाली बघत दोरखंड गुंडाळायला घेतला. ते बोनेटवरून हात फिरवत होते आणि दर वेळी हात उचलून बोटांकडं पाहत होते.

"उन्हानं न्हाई केलं," ते म्हणाले. "राखंनं बी न्हाई. म्या झाकलं म्हणून झालं."

मग काकू आत गेल्या. बाहेर आल्या त्या हिरवी साडी नेसून, हातात गाडीची किल्ली. पिशवीतून काढलेली, उघडी.

"उठा. बसा गाडीत."

"आता अशी न्यायची? भावकीत? लोकं काय म्हंतील?"

"एसटीपरीस बरी दिसती," काकू म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसल्या.

आप्पांनी आधी काकूंकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा काकूंकडं पाहिलं. काकूंनी आरसा नीट केला, सीट पुढं ओढली, किल्ली फिरवली. "बचत गटात शिकवलं," त्यांनी सांगितलं. आप्पा मुकाट्यानं शेजारी बसले. मी मागं, सीटच्या प्लास्टिकवर. घाम फुटून ते मला चिकटलं ते मांडवगणपर्यंत चिकटूनच राहिलं.

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत आप्पांनी दाराची कडी सोडली नाही. समोरून उसाची शेवटची एखादी ट्रॉली आली की ते डोळे मिटून पाय ताणत, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखे. एकदा वाढ्यांचा फटका खरंच दाराला बसला. सर्रकन आवाज आला. आप्पांनी डोळे उघडले, काच खाली घेतली, बाहेर वाकून पाहिलं आणि काच वर केली. "क्लच हळू सोड," एवढंच म्हणाले. काकूंच्या गालावर मला बाजूनं हसू दिसलं.

वेशीत दादा उभे होते. यंदाही उभे होते. डोक्यावर फेटा, वाटेकडं डोळे. आपली बहीण गाडीतून येते आहे हे त्यांना आधी दिसलं, आणि ती गाडी चालवते आहे हे नंतर. त्यांनी दोन्ही हात वर केले. फेटा डोळ्यांवर आला तरी हात खाली घेतले नाहीत. काकूंनी त्यांच्या पुढ्यात गाडी उभी केली, थोडी वाकडी, आणि उतरल्या त्या थेट भावाच्या गळ्यात पडून रडल्या. गाडीवरच्या चऱ्यांकडं कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. चैत्राच्या उन्हात त्या गावची सगळीच वाहनं तशी होती.

मग काकूंच्या वहिनी ताट घेऊन आल्या. त्यांनी बोनेटकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आगं बया! वरीस झालं आन् गाडीला हळदीचं बोट न्हाई? म्हणून ही दारातनं हालत न्हवती. आक्का, तूच लाव. माहेरवाशिनीचा हात असू दे."

वाटीत हळद ओली केलेली होती. काकूंनी त्यात सबंध पंजा बुडवला. वर उचलला. आणि तो तसाच हवेत थांबला. पिवळं पाणी मनगटावरून कोपराकडं ओघळायला लागलं. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. सगळी भावकी उभी होती, पण त्या घडीला त्या वेशीत दोघंच नवरा-बायको होते.

आप्पांनी खिशात हात घातला. मला वाटलं, आता प्लास्टिक निघतंय. निघाला रुमाल. त्यांनी बोनेटवरची वाटेतली धूळ तेवढी पुसली.

"लाव की," ते म्हणाले. "बघतीस काय."

काकूंनी पंजा टेकवला आणि दाबून धरला. पाचही बोटं उमटली. त्यावर वहिनींनी कुंकू लावलं.

परत आल्यावर काकू ओलं फडकं घेऊन गाडीकडं निघाल्या. म्हणाल्या, डाग मुरायच्या आत पुसते, नाहीतर यांचा जीव खालीवर व्हायचा. आप्पांनी फडकं हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि आकाशाकडं पाहिलं. उन्हाळाभर झाकणांवर ऊन मोजलेला माणूस तो. हळद उन्हात किती टिकते हे त्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी त्यांनी काकूंना दौंडला न्यायला सांगितलं. काकू मला नंतर ही हकीकत पुनःपुन्हा सांगायच्या, आणि दर वेळी हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या. डीटेलिंगवाल्यानं गाडी पाहून डोकंच धरलं. म्हणाला, अंकल, आधी पॉलिश करू, सगळे चरे काढू, मग सिरॅमिक मारू. आप्पा म्हणाले, बाकी गाडीला काही नको. फिल्म लावायची, पण एवढ्याच जागी. आणि त्यांनी पंजाभोवती बोटानं चौकोन काढून दाखवला.

"अंकल, ये हल्दी तो पहले साफ करना पडेगा."

"साफ न्हाई करने का," आप्पा म्हणाले. "इसके लिएच तो आया मैं."

अशी त्या गाडीला अखेर फिल्म लागली, वीतभर चौकोनात. दुकानदारानं हमी द्यायला साफ नकार दिला. टेस्ट सर्टिफिकेट आप्पांनी या वेळी मागितलं नाही. शेडनेट उतरलं आणि खरोखरच मिरचीला गेलं. ताडपत्री कांद्यावर गेली. घरात जारचं पाणी माणसं प्यायला लागली. घड्याळावरची फिल्म मात्र होती तशीच राहिली. माणूस किती बदलायचा, याला काही हिशेब असतोच.

पुढं मी पुण्याला बदली घेतली. काकूंचा फोन यायचा, तोही बऱ्याचदा वाटेतून, इनामगावात थांबलेय, दौंडला निघालेय, असं सांगत. यंदा पाडव्याला मुद्दाम शिरूरला गेले. गाडी अंगणात उघडी उभी होती. एका दाराला पोचा, टपावर काजळीचे ठिपके, बंपरला उसाचं वाळलेलं पाचट अडकलेलं. चांगली वापरातली गाडी दिसत होती. आप्पांनी मला चहासुद्धा न विचारता बोनेटपाशी नेलं.

फिल्मच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आतली हळद मात्र पांढरी झाली होती. म्हणजे नव्हतीच. खाली वाकून एका बाजूनं पाहिलं तर कुंकवाचे दोन-चार कण आणि बोटांच्या पुसट कडा दिसत होत्या.

"ऊन बोनेटवर पडायचं, तवा म्या सावलीला लावायचो," आप्पा म्हणाले. "तरी बी खाल्लं उन्हानं. येवढी फिल्म घालून बी." त्यांचा आवाज खरोखर कातर झाला होता.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आमचे दोघांचे चेहरे पाहिले आणि त्यांच्या सारं ध्यानात आलं.

"आवो, हळद ग्येली तर ग्येली. हात हाय ना माझा अजून?" त्यांनी उजवा पंजा आप्पांच्या तोंडापुढं नाचवला. "यंदा पुन्ना लावते."

आप्पा विचारात पडले. "त्याच्यावर फिल्म हाय," ते म्हणाले.

"मंग काढा की ती."

असं सांगून काकू आत निघून गेल्या. आप्पा उभे राहिले. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण त्यांनी एखाद्या वस्तूवरचं वेष्टण आपल्या हातानं काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते खाली वाकले. चैत्राच्या उन्हानं बोनेट चांगलं तापलं होतं. त्यांनी फिल्मच्या कोपऱ्याखाली अंगठ्याचं नख घातलं, थांबले, आणि मग हळूहळू, एका दमात, सबंध चौकोन सोलून काढला. खालचा पत्रा, जुने चरे सोडले तर, लख्ख पांढरा होता. सबंध गाडीत तेवढाच.

आत काकू वाटीत हळद कालवत होत्या. आप्पांनी मान वर केली आणि घराकडं तोंड करून ओरडले,

"घट्ट कालव गं! पातळ झाली का वघळ येतो!"